मूळचे कुठले?

मराठी माणसाला अनोळखी माणूस भेटला की दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. पहिला, ‘आडनाव काय?’ आणि दुसरा, ‘मूळचे कुठले?’ यातला ‘मूळचे’ हा शब्द मोठा बिलंदर आहे. तुम्ही सध्या कुठे राहता, घरपट्टी कुठे भरता, मत कुठे टाकता, याच्याशी त्याला काडीचे कर्तव्य नसते. त्याला पान-फूल नको असते, थेट मूळच हवे असते. आणि मूळ बघायचे तर झाड उपटावे लागते, हे विचारणाऱ्याच्या गावीही नसते.

पुणेकर, सातारकर, कोल्हापूरकर यांचे बरे असते. एका शब्दात मूळ दाखवून ते मोकळे होतात. मी पडलो निलंग्याचा. माझा संवाद बहुधा असा होतो :

“निलंगा? हे कुठं आलं?”

“लातूर जिल्ह्यात.”

“हां, लातूर! म्हणजे विदर्भ.”

“नाही हो, मराठवाडा.”

“तेच ते!”

या ‘तेच ते’सरशी लातूर आणि नागपूर यांच्यामधले सगळे अंतर समोरच्याने एका घोटात पिऊन टाकलेले असते.

बरे, लातूर म्हटल्यावर काय समजायचे, याबद्दल तरी एकमत असावे! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलीही गावेच्या गावे त्यात गेली, पण जगाने नाव ठेवले ‘लातूरचा भूकंप’. त्यानंतर कित्येक वर्षे मी ‘लातूर’ म्हटले की समोरचा आवाज खाली आणून विचारायचा, “घरचे सगळे बरे ना?” पुढे ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला आणि तोच माणूस म्हणू लागला, “मग काय, हुशारच असणार तुम्ही!” माझे बारावीचे मार्क त्याने पाहिलेले नव्हते म्हणून बरे. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, तेव्हापासून लोक मला न विचारताच पाण्याचा पेला पुढे करतात. आधी बिचारा, मग हुशार, मग तहानलेला. मी आपला होतो तोच होतो, शब्दच माझ्या अंगावर कपडे बदलत होता.

पण माझे हे हाल आमच्या आजोबांपुढे काहीच नाहीत. त्यांना सारे घर तात्या म्हणायचे. तात्या निलंग्यात माळवदाच्या घरात जन्मले आणि त्याच घरात, त्याच खाटेवर त्यांनी डोळे मिटले. मधल्या काळात त्यांनी फारसा प्रवास केला नाही. पण त्यांनी जितके प्रदेश पाहिले तितके एखाद्या विमा एजंटानेही पाहिले नसतील. ते जन्मले तेव्हा निलंगा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचा तालुका होता. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तो त्यांना सोडून. त्यांच्यापर्यंत स्वातंत्र्य पोचले १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे तेरा महिने आणि दोन दिवस उशिरा. (आमच्याकडे एस.टी.सुद्धा वेळेवर येत नाही, त्याची परंपरा इतकी जुनी आहे.) मग १९५० साली ज्या निजामापासून सुटका झाली तोच राजप्रमुख म्हणून समोर उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके बीदरमधून काढून उस्मानाबाद जिल्ह्यात घातले आणि तात्या द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि तात्या पुन्हा निघाले. एवढ्या सगळ्या काळात त्यांनी खाटेची जागा बदलली ती एकदाच, माळवद गळायला लागले तेव्हा.

या प्रकाराचा फटका तिसऱ्या पिढीला बसतो. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी एका कचेरीत आमच्या तीन पिढ्यांचे दाखले दाखवायची पाळी आली. वडिलांचा जन्म १९३८ चा : निलंगा, जि. बीदर. माझा १९६२ चा : निलंगा, जि. उस्मानाबाद. मुलीचा १९९१ चा : निलंगा, जि. लातूर. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला.

“बीदर तर कर्नाटकात आहे. म्हणजे तुम्ही परराज्यातले?”

“नाही साहेब, निलंगा एकच.”

“मग तीन जिल्हे कसे? घरात कोणाला बदलीची नोकरी होती का?”

“आम्ही जागेवरच आहोत साहेब. बदलीची नोकरी जिल्ह्यांना आहे.”

त्यांना विनोद आवडला नाही. मला आणखी दोन प्रतिज्ञापत्रे करावी लागली. आता २०२३ पासून उस्मानाबादचे धाराशिव झाले आहे, त्यामुळे माझा जन्म आज कोणत्याही नकाशात नसलेल्या जिल्ह्यात झालेला आहे.

तात्यांच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्याचे, सासर भालकीचे. आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. दिली तेव्हा भालकी आणि निलंगा एकाच जिल्ह्यात होते. १९५६ साली भालकी म्हैसूर राज्यात गेली. आत्याने तेव्हा चुलीवरची भाकरीसुद्धा उलटली नसेल, पण तिचे माहेर परराज्यात गेले. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत त्या बाजूचीही गावे आहेत, त्यामुळे घरच्या प्रत्येक लग्नात पंगत उठली की वाद बसायचा. आत्याच्या घरचे लोक नक्की कोण? आमच्याकडच्या एका काकांच्या मते ते ‘अन्यायग्रस्त मराठी बांधव’. आत्याच्या कानडी शाळेत शिकलेल्या नातवाच्या मते तो शंभर टक्के कर्नाटकचा. दोघांचे आवाज चढले की आत्या आतून यायची.

“आरं, आमी कुठं गेलाव? आमी हितंच हाव की! तिकडं-हिकडं झालं ते सरकार.”

आणि वाद तेवढ्यापुरता मिटायचा, कारण जिलबीचे ताट तिच्या हातात असायचे.

पण नातवाचेही खोटे नव्हते. २०१२ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३७१(जे) आले आणि हैदराबाद-कर्नाटकातल्या स्थानिकांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. त्याच्या मुलाला त्याचा उपयोग झाला. २०१९ साली त्या भागाचे नाव ‘कल्याण कर्नाटक’ झाले तेव्हा तो मला म्हणाला, “नावात तरी कल्याण झालं!” गंमत अशी की मराठवाड्याच्या विकास मंडळाची तरतूदही ३७१ मध्येच आहे. एकाच आजीची लेकरे घटनेच्या एकाच कलमात नांदतात; फक्त पोटकलमे वेगळी. वाटण्या झाल्या तरी माजघर सामाईक राहते, तसे.

या सगळ्यातून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर गावावर अवलंबून नसते, विचारणाऱ्यावर असते. कचेरीतल्या माणसाला माझे मूळ नको होते, रकाना हवा होता. काकांना आत्याच्या नातवाची ओळख नको होती, वादात एक माणूस आपल्या बाजूला हवा होता. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असे दोन शब्द होते. मुल्की म्हणजे संस्थानचा रहिवासी, त्याला सरकारी नोकरीचा हक्क. तेव्हा हैदराबादेतला तेलुगू माणूस तात्यांचा मुलूखवाला आणि सोलापूरचा मराठी माणूस परका. सोलापूर ब्रिटिश मुलखात, तिथे रुपयाही वेगळा. आमचे सात हाली रुपये दिले की तिकडचे सहा कलदार मिळायचे. म्हणजे सोलापूरच्या बाजारात पाय ठेवताच तात्या दर सात रुपयांमागे एक रुपयाने कमी व्हायचे. १९५६ नंतर तोच सोलापूरकर आपला झाला आणि तेलुगू माणूस परका. माणसे तीच, जमीन तीच, दगडधोंडेही तेच. बदलले ते एवढेच, की कोण विचारतो आहे आणि उत्तराचे पुढे काय करणार आहे.

तुम्ही म्हणाल, हे सरकारी शब्द झाले. खरे मूळ निराळे असते. त्याचीही परीक्षा घेऊ. मराठवाड्याचा मुक्तिलढा म्हटला की आमच्याकडे हात जोडले जातात ते स्वामी रामानंद तीर्थांपुढे. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते मूळचे कुठले? जन्म विजापूरकडच्या सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत ते शिकवायला आले आणि मराठवाड्याचे झाले. आणि ज्याच्या रझाकारांनी हा मुलूख हैराण केला, तो कासीम रझवी वकिली कुठे करत होता? आमच्या लातुरात. मूळ पाहून माणूस आपला-परका ठरवणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मी मांडला, उत्तर दरवेळी उलटे येते.

मग काय, सगळी नावे सारखीच? कोणी काहीही म्हणावे? तसेही नाही. १७ सप्टेंबरचेच बघा. आमच्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडा, प्रभातफेरी आणि मुलांना गोळ्या. हैदराबादेत २०२२ साली त्याच दिवशी, त्याच शहरात दोन सरकारी समारंभ झाले. केंद्राचा ‘हैदराबाद मुक्ती दिन’ आणि राज्य सरकारचा ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. तारीख एक, झेंडा एक, पण मुक्ती म्हणायचे की एकात्मता, यावरून दोन मांडव. वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण ‘मुक्ती’ म्हटले की कोणापासून, हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर ऐकायला शेजारी बसलेला असतो.

आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. तात्यांच्याच वयाचे. रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. रझाकारांच्या धुमाकुळात आमच्या घरचे पेव लुटले गेले होते आणि तात्यांच्या एका चुलतभावाला गोळी लागून तो गेला होता. भारताच्या फौजा आल्या, रझाकार संपले, आणि त्यानंतरच्या दिवसांत सूड भलत्यांवरच उगवला गेला. चाचांचा धाकटा भाऊ त्या सप्टेंबरात घराबाहेर पडला तो परत आला नाही. त्याचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, हे तात्या स्वतः सांगायचे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नंतर या मुलखात हिंडून अहवाल दिला. सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे लिहिली. सरकारने तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध केला नाही. आमच्या ओट्याला तो न वाचता पाठ होता.

या दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो काळ सारखा यायचा. अमक्याचे लग्न कधी झाले, तमकी विहीर कधी खोदली, सगळ्या तारखा तिथूनच मोजायच्या. पण त्यांचा शब्द ठरलेला होता : ‘ॲक्शन’. “ॲक्शनच्या आधी दोन वर्षं.” “ॲक्शननंतरचा पाऊस.” सरकारने ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले होते, त्यातला पोलीस यांनी काढून टाकला होता. तात्या सकाळी झेंड्याला जायचे, तिथे मोठ्याने ‘मुक्ती’ म्हणायचे, डोळ्यांत पाणी यायचे. संध्याकाळी ओट्यावर मात्र ॲक्शन. मी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा, म्हणजे सगळ्यांना दुटप्पी ठरवायच्या वयाचा. एकदा विचारलेच. तात्या तंबाखू मळत म्हणाले,

“झेंड्यापुढं मी खरंच बोलतो. हितं बी खरंच बोललालाव. पर हितं ऐकणाऱ्याचं बी एक खरं हाय.”

पुढे पुस्तके पुष्कळ वाचली, पण याहून चांगले काही हाती लागले नाही. एखाद्या नावाचा अर्थ बरोबर की चूक, हे नकाशावरून किंवा शब्दकोशावरून ठरवायला गेलो की भांडण संपत नाही. एक साधी परीक्षा पुरते. ते नाव ज्याच्या वर्मी लागण्याजोगे आहे, त्याच्या शेजारी बसून, त्याच्या डोळ्यांना डोळा देऊन ते उच्चारता येते का? येत असेल तर खुशाल म्हणावे. येत नसेल, तर नाव खोटे असतेच असे नाही, पण आपण ते कशासाठी वापरतो आहोत हे एकदा तपासून पाहावे.

या परीक्षेत माझा लाडका शब्दही एकदा नापास झालेला आहे. ‘मराठवाडा’ हा शब्द निजामाच्या काळात आम्हांला धीर देणारा होता. या नावाखाली माणसे तुरुंगात गेली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यायचा ठराव केला, आणि हाच शब्द ‘अस्मिता’ म्हणून पुढे करून आमच्यातलेच लोक रस्त्यावर उतरले. खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्यांची घरे जळली ते काय परमुलखातले होते? त्यांची मुळे याच काळ्या मातीतली, कदाचित आमच्याहून खोल गेलेली. आणि ज्यांच्या नावाला विरोध होता, त्यांनी विद्यापीठ निघायच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, औरंगाबादला कॉलेज सुरू केले होते. शब्द तोच, १९४८ साली तो दार उघडायला वापरला आणि १९७८ साली शेजाऱ्याच्या तोंडावर लावून घ्यायला. अखेर १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. दोन्ही नावे एका पाटीवर मावली. मावणारच होती. पाटी लांब करायला सुताराला एक दिवस लागला असता. आपल्याला सोळा वर्षे लागली.

हे आपल्याकडेच होते असे मानून खाली मान घालायचे कारण नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे ‘एशियन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चिनी-जपानी चेहरा येतो आणि इंग्लंडात तोच शब्द उच्चारला की भारतीय-पाकिस्तानी. मेक्सिकोचा त्याचा मित्र म्हणतो, अमेरिका हे दोन खंडांचे नाव आहे, तेव्हा अमेरिकन मीही आहे. ग्रीस आणि मॅसिडोनिया हे दोन शेजारी तर नावावरून १९९१ पासून भांडत होते. ग्रीसचे म्हणणे, मॅसिडोनिया आमच्या प्रांताचे नाव, ते तुम्ही देशाला लावू नका. २०१९ साली त्या देशाने आपले नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ केले. एक ‘उत्तर’ शोधायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे! आमच्या तालुक्यातल्या औरादने हे केव्हाच केले होते. तिकडे बीदर जिल्ह्यातही एक औराद आहे. आमचे ते औराद शहाजानी. दोन्ही गावे नांदताहेत. घोटाळा झालाच तर तो पोस्टमनचा.

तेव्हा मूळचे कुठले, या प्रश्नावर चिडणे मी सोडले आहे. प्रश्न ऐकला की आधी विचारणाऱ्याकडे नीट बघतो. हातात फॉर्म असेल तर जिल्हा सांगतो, सोबत प्रतिज्ञापत्रही देतो. डोळ्यांत भांडण असेल तर “सध्या कोथरूड” म्हणून खिडकीबाहेर पाहतो. पण एखादा माणूस गाडीत जरा सरकून मला जागा करून देत, डबा उघडता उघडता विचारत असेल, तर मी सरळ निलंगा सांगतो. हैदराबाद, बीदर, उस्मानाबाद, लातूर, सगळे क्रमाने सांगतो. आमच्याकडे ‘काय करतोयस’ला ‘काय करलालास’ म्हणतात, तेही ऐकवतो. आणि मग त्यालाही विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” तो कुर्डुवाडीपर्यंत सांगत राहतो आणि चटणी फार चांगली असते.